मिशिगनचा १३ वा मतदारसंघ: डेट्रॉईटच्या जागेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर २०२२ मध्ये मराठी मातृभाषेचे श्री ठाणेदार (‘श्री’ हे त्यांचं नावच) या मतदारसंघातून अमेरिकेच्या संसदेवर निवडून आले आणि बेळगाव-चिकोडीपासून थेट मिशिगनमधल्या मराठी घरांपर्यंत एकच चौकशी सुरू झाली: हा मतदारसंघ आहे तरी कसला? तेव्हापासून आलेले आणि अजून येत असलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ठाणेदारांच्या आधीही या जागेला मोठा इतिहास आहे, आणि तो कळल्याशिवाय त्यांची निवडणूकही नीट कळत नाही. म्हणून थोडी मागून सुरुवात केली आहे.

१. हा मतदारसंघ नेमका कुठे येतो?

मिशिगन राज्यात, संपूर्णपणे वेन काउंटीत. डेट्रॉईट शहराचा मोठा भाग, शहराने चारी बाजूंनी वेढलेली हॅमट्रॅमिक आणि हायलँड पार्क ही दोन छोटी शहरं, पूर्वेला तळ्याकाठची श्रीमंत ग्रोस पॉइंट वस्ती आणि दक्षिणेला लिंकन पार्क, टेलर, रोम्युलस अशी कामगारांची उपनगरं. डेट्रॉईटचा उरलेला भाग शेजारच्या १२ व्या मतदारसंघात आहे. म्हणजे १३ वा म्हणजे अख्खं डेट्रॉईट नव्हे, आणि नुसतं डेट्रॉईटही नव्हे.

२. ‘काँग्रेसचा मतदारसंघ’ म्हणजे काँग्रेस पक्षाचा का?

नाही. अमेरिकेत काँग्रेस म्हणजे संसद. तिचं खालचं सभागृह, म्हणजे प्रतिनिधिगृह, आपल्या लोकसभेसारखं. सदस्य ४३५. मुदत मात्र दोनच वर्षांची. निवडून आलेला माणूस शपथ घेतो न घेतो तोच पुढची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, दीड वर्षावर आलेली असते. खाली सोयीसाठी ‘खासदार’ हा शब्द वापरला आहे.

३. १३ वा मतदारसंघ कायम डेट्रॉईटचाच होता का?

नाही, आणि जुनी नावं वाचताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दर दहा वर्षांनी जनगणना होते, मतदारसंघांची पुनर्रचना होते आणि क्रमांक इकडचे तिकडे होतात. १९९३ ते २००३ या काळात ‘१३ वा’ ही पाटी अ‍ॅन आर्बर आणि वेन काउंटीच्या पश्चिम भागावर होती. आधी विल्यम फोर्ड, मग लिन रिव्हर्स तिथून निवडून येत. डेट्रॉईटच्या जागा तेव्हा १४ आणि १५ क्रमांकाच्या होत्या. २००३ पासून १३ हा आकडा पुन्हा डेट्रॉईटला आला. त्यामुळे या जागेचा इतिहास शोधताना आकड्यामागे जाऊ नका, वस्तीमागे जा.

४. डेट्रॉईटच्या जागा कमी कशा झाल्या?

माणसं कमी झाली म्हणून. १९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १८,४९,५६८ होती. २०२० मध्ये ती ६,३९,१११ भरली. मोटारींचे कारखाने बाहेर गेले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, मागाहून मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय कुटुंबंही गेली. मिशिगन राज्याच्या जागाही घटत गेल्या: १९७० च्या दशकात १९, आता १३. आज राज्यातल्या एका मतदारसंघात साधारण ७ लाख ७५ हजार माणसं असावी लागतात. तेवढी अख्ख्या डेट्रॉईटमध्येही नाहीत. मग उपनगरं जोडावी लागतात, आणि रेषा कुठून ओढायची यावर भांडण होतं.

५. इथे कायम डेमोक्रॅटिक पक्षच जिंकतो. मग निवडणुकीत चुरस कसली?

चुरस असते, पण ती नोव्हेंबरमध्ये नसते. या क्रमांकाच्या जागेवर शेवटचे रिपब्लिकन खासदार हॉवर्ड कॉफिन होते आणि त्यांची मुदत जानेवारी १९४९ मध्ये संपली. २०१८ मध्ये तर रिपब्लिकन पक्षाचा उमेदवारच नव्हता. २०२२ मध्ये ठाणेदारांना सुमारे ७१ टक्के आणि रिपब्लिकन मार्टेल बिव्हिंग्ज यांना सुमारे २४ टक्के मतं पडली. २०२४ मध्ये पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले आणि आकडेही फारसे हलले नाहीत.

इथला खासदार ठरतो ऑगस्टमधल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत. आपल्याकडे तिकीट दिल्लीहून किंवा मुंबईहून येतं, इथे ते मतदार देतात. निम्म्याहून जास्त मतं मिळवायची अट नाही आणि दुसरी फेरीही नाही. सर्वांत जास्त मतं ज्याला, तिकीट त्याला. उमेदवार आठ-दहा असले तर पाव मतांवरही काम भागतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर प्रश्न १० पासून १३ पर्यंतचं सगळं आपोआप उलगडत जातं.

६. प्रायमरीत मत द्यायला पक्षाचं सभासद असावं लागतं का?

मिशिगनमध्ये नाही. इथे मतदार नोंदणी करताना पक्ष विचारत नाहीत. ऑगस्टमध्ये हातात एकच कागद येतो. त्यावर शेजारी शेजारी रकाने असतात, डेमोक्रॅटिक एका बाजूला, रिपब्लिकन दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक नावापुढे पेनाने भरायचा लंबगोल. कुठल्या रकान्यात जायचं ते तुम्ही गुप्तपणे ठरवता. मात्र एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे असं केलंत, तर पक्षीय भागातली तुमची सगळी मतं बाद. नवीन नागरिक झालेल्या मराठी मंडळींना हे मी दर वेळी आवर्जून सांगतो, कारण ‘खासदारकीला हा बरा, गव्हर्नरला तो बरा’ ही आपली सवय इथे मत वाया घालवते. तसं करायची मुभा नोव्हेंबरमध्ये आहे.

७. चार्ल्स डिग्ज यांचं नाव इतक्या आदराने का घेतात?

कारण मिशिगनमधून काँग्रेसमध्ये गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. १९५४ च्या प्रायमरीत त्यांनी विद्यमान खासदार जॉर्ज ओब्रायन यांना हरवलं आणि जानेवारी १९५५ मध्ये शपथ घेतली. घरचा व्यवसाय अंत्यसंस्कारांचा. वडीलही राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, राहिलेले.

त्याच वर्षी मिसिसिपीमध्ये शिकागोच्या एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. सप्टेंबरमध्ये सम्नर गावात खटला उभा राहिला तेव्हा डिग्ज स्वतः तिथे गेले. वय ३२, खासदारकीचं पहिलं वर्ष. कोर्टात गोऱ्यांची आणि काळ्यांची जागा वेगळी. अमेरिकेच्या संसदेचा सदस्य असूनही त्यांना कृष्णवर्णीय पत्रकारांसाठी मांडलेल्या टेबलाशी बसावं लागलं. फक्त गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने साधारण तासाभरात आरोपींना निर्दोष सोडलं. डिग्ज यांना तिथे काही बोलता येणार नव्हतं. पण साक्ष द्यायला उभ्या राहणाऱ्या शेतमजुरांना त्या खोलीत आपला एक खासदार बसलेला दिसत होता. मला या जागेच्या सगळ्या इतिहासात याहून मोठी गोष्ट सापडत नाही.

पुढे त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध सातत्याने आवाज उठवला, आणि १९७१ मध्ये कृष्णवर्णीय खासदारांचा गट स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले.

८. पण डिग्ज यांना शिक्षाही झाली होती ना? तरी ते निवडून कसे आले?

झाली होती. ऑक्टोबर १९७८ मध्ये, आपल्या कर्मचाऱ्यांचे पगार वाढवून त्यातला पैसा स्वतःच्या खर्चासाठी फिरवल्याच्या प्रकरणात ते दोषी ठरले. पुढच्याच महिन्यात मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. अमेरिकेच्या राज्यघटनेत वय, नागरिकत्व आणि राज्यातलं वास्तव्य एवढ्याच अटी आहेत. आपल्याकडे दोन वर्षांची शिक्षा झाली की खासदारकी जाते, तशी तरतूद तिथे नाही. जुलै १९७९ मध्ये सभागृहाने एकमताने त्यांच्यावर ठपका ठेवला आणि जून १९८० मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

हा भाग झाकून ठेवावा असं मला वाटत नाही. सम्नरच्या कोर्टात बसलेला माणूस आणि पगारात हात घालणारा माणूस एकच होता, आणि मतदारांनी दोन्ही पाहून मत दिलं होतं. त्यांच्यानंतर आले जॉर्ज क्रॉकेट, वयाच्या ७१ व्या वर्षी. निवृत्त न्यायाधीश. पूर्वी वकिली करताना कम्युनिस्ट नेत्यांचं वकीलपत्र घेतलं होतं आणि त्या खटल्यात कोर्टाच्या अवमानासाठी चार महिने तुरुंगातही काढले होते.

९. जॉन कॉनियर्स पन्नास वर्षं १३ व्याचेच खासदार होते का?

नाही. ते डेट्रॉईटचेच, पण क्रमांक तीन: १९६५ पासून पहिला, १९९३ पासून १४ वा आणि २०१३ पासून १३ वा (प्रश्न ३ पाहा). १९६५ मध्ये देशभरात मिळून सहा कृष्णवर्णीय खासदार होते आणि त्यातले दोन, डिग्ज आणि कॉनियर्स, एकट्या डेट्रॉईटचे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चार दिवसांनी त्यांच्या जन्मदिवसाच्या राष्ट्रीय सुट्टीचं विधेयक कॉनियर्स यांनीच मांडलं. ते मंजूर व्हायला १५ वर्षं लागली. मोंटगोमेरीच्या बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स १९६५ पासून १९८८ पर्यंत त्यांच्या डेट्रॉईटच्या कार्यालयात काम करत होत्या. लैंगिक छळाच्या आरोपांनंतर ५ डिसेंबर २०१७ रोजी कॉनियर्स यांनी राजीनामा दिला.

१०. विद्यमान खासदार प्रायमरीतच हरल्याची उदाहरणं आहेत का?

आहेत. कॅरोलिन चीक्स किलपॅट्रिक यांचं बघा. त्यांचे चिरंजीव क्वामे किलपॅट्रिक डेट्रॉईटचे महापौर. २००८ मध्ये ते घोटाळ्यात अडकले आणि त्याची झळ आईला लागली. त्या वर्षीच्या प्रायमरीत आईंना सुमारे ३९ टक्के, मेरी वॉटर्स यांना ३६ टक्के आणि मार्था स्कॉट यांना उरलेली मतं पडली. एकसष्ट टक्के मतदार विरोधात होते, पण विरोध दोन वाटांनी गेला आणि किलपॅट्रिक वाचल्या. २०१० मध्ये हॅन्सन क्लार्क यांच्यापुढे मात्र टिकल्या नाहीत.

क्लार्क यांचं नशीबही दोनच वर्षं. २०१२ ला रेषा बदलल्या, राज्याची एक जागा गेली, कॉनियर्स १३ व्यात आले आणि क्लार्क १४ व्यात उभे राहिले. तिथे ते गॅरी पीटर्स यांच्याकडून प्रायमरीत हरले.

११. २०१८ मध्ये एकाच दिवशी, एकाच जागेवर दोन वेगवेगळ्या महिला जिंकल्या, हे खरं आहे का?

खरं आहे. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

कॉनियर्स गेल्यामुळे दोन निवडणुका एकाच वेळी आल्या. एक उरलेल्या काही आठवड्यांसाठीची पोटनिवडणूक आणि दुसरी जानेवारी २०१९ पासूनच्या पूर्ण मुदतीची. ७ ऑगस्ट २०१८ रोजी दोन्हींची प्रायमरी एकाच मतपत्रिकेवर झाली. पोटनिवडणुकीत उमेदवार चार, पूर्ण मुदतीसाठी सहा. चौघांत डेट्रॉईट सिटी कौन्सिलच्या अध्यक्ष ब्रेंडा जोन्स जिंकल्या, रशिदा तलीब यांच्याविरुद्ध, ३८ ला ३६ टक्के अशा. सहा जणांत मात्र तलीब जिंकल्या, जोन्स यांच्याविरुद्ध ३१ ला ३० टक्के, जेमतेम ९०० मतांनी.

तोच दिवस, तेच मतदार, तोच कागद. फरक एवढाच की दुसऱ्या यादीत दोन नावं जास्त होती. त्यातलं एक कोलमन यंग द्वितीय, म्हणजे डेट्रॉईटच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांचे पुत्र. जोन्स यांच्याकडे वळू शकणारी मतं तिकडे गेली असणार, हे आकड्यांवरून दिसतं. मतविभागणी म्हणजे काय हे शिकवायला इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

जोन्स यांनी २९ नोव्हेंबरला शपथ घेतली आणि ३ जानेवारीला पायउतार झाल्या. मधल्या काळात सिटी कौन्सिलचं पद त्यांनी सोडलं नव्हतं. २०२० मध्ये दोघी पुन्हा समोरासमोर आल्या, या वेळी तिसरं कोणी नव्हतं, आणि तलीब यांनी सुमारे ६६ टक्के मतं घेतली. म्हणजे २०१८ चा निकाल निव्वळ मतविभागणीचा होता असं म्हणणंही पुरेसं नाही. दोन वर्षांत तलीब यांनी मतदार जोडले होते.

१२. मग डिसेंबर २०१७ पासून नोव्हेंबर २०१८ पर्यंत डेट्रॉईटला खासदारच नव्हता?

या जागेला नव्हता, जवळपास वर्षभर. पोटनिवडणूक कधी घ्यायची हे राज्याचे गव्हर्नर ठरवतात. रिक स्नायडर यांनी ती नेहमीच्या ऑगस्ट-नोव्हेंबरच्या तारखांना जोडली. वेगळ्या निवडणुकीचा खर्च वाचला, पण सात लाख माणसांच्या वतीने मत द्यायला सभागृहात कोणी राहिलं नाही. आपल्याकडे पोटनिवडणूक साधारणपणे सहा महिन्यांत घ्यावी लागते. हा नियम किती मोलाचा आहे ते इथे कळतं.

१३. ठाणेदार २८ टक्के मतांवर कसे जिंकले?

प्रश्न ५ मधला नियम इथे लावा. २०२२ मध्ये नव्या रेषा आल्या. तलीब १२ व्यात गेल्या, शेजारच्या मतदारसंघाच्या खासदार ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त झाल्या, आणि १३ वी जागा मोकळी झाली. नऊ जण उतरले. ठाणेदार २८ टक्के, राज्याचे सिनेटर अ‍ॅडम हॉलियर २३ टक्क्यांच्या थोडे वर, पोर्शिया रॉबरसन १७ टक्के. कृष्णवर्णीय मतं एका नावामागे उभी करायचा प्रयत्न झाला होता. वेन काउंटीचे प्रमुख वॉरन इव्हान्स यांच्या पुढाकाराने नेत्यांच्या एका गटाने हॉलियर यांना पसंती दिली, पण बाकीच्यांनी माघार घेतली नाही.

ठाणेदारांचा स्वतःचा पैसा हे दुसरं कारण, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत त्यांनी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर घातले होते. राज्यात ते तिसरे आले, ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, पण डेट्रॉईट शहरात पहिल्या क्रमांकाची मतं ठाणेदारांना होती. २०२० मध्ये ते याच शहरातून राज्याच्या विधानसभेत गेले. २०२२ चा विजय अचानक आला असं ज्यांना वाटतं त्यांनी ही चार वर्षं मोजावीत. दुसऱ्या बाजूलाही पैसा कमी नव्हता. हॉलियर यांच्यासाठी बाहेरच्या एका इस्रायल-समर्थक राजकीय निधीने लाखो डॉलर ओतले होते.

१४. आपला माणूस निवडून आला, तर डेट्रॉईटमध्ये नाराजी का होती? जागा राखीव होती का?

राखीव नव्हती. अनुसूचित जाती-जमातींसाठी आपल्याकडे जशा जागा राखीव असतात तशी पद्धत अमेरिकेत नाही, कोणीही उभं राहू शकतं. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने एवढंच बघितलं जातं की रेषा अशा ओढू नयेत की अल्पसंख्य मतदारांना आपल्या पसंतीचा उमेदवार निवडताच येऊ नये. २०२२ चे नकाशे पहिल्यांदाच नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाने काढले. त्याचे १३ सदस्य: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कोणाचेच नाहीत. या आयोगाने डेट्रॉईटचे मतदार उपनगरांबरोबर वाटले आणि १३ व्यात कृष्णवर्णीयांचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं.

जानेवारी १९५५ मध्ये डिग्ज यांनी शपथ घेतल्यापासून ६८ वर्षं डेट्रॉईटचा निदान एक तरी कृष्णवर्णीय खासदार होता. जिथे दर चारातले तीनहून जास्त रहिवासी कृष्णवर्णीय आहेत, त्या शहराची ती साखळी २०२३ मध्ये तुटली. आपण पेढे वाटत होतो तेव्हा तिथल्या आजीआजोबांना काय वाटलं असेल, याचा विचार मराठी माणसाने करायला हवा. प्रश्न ७ मधला कोर्टातला प्रसंग ज्यांनी त्या काळी वर्तमानपत्रात वाचला, ती माणसं अजून त्या शहरात मत देतात. ठाणेदारांबद्दल अभिमान आणि या दुःखाबद्दल आदर, दोन्ही एका मनात मावतं.

१५. सह्या कमी पडल्या म्हणून उमेदवार बाद होतो, हे कसं?

लोकसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक आणि २५,००० रुपये अनामत लागते. इथे प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव यायला मतदारसंघातल्या नोंदणीकृत मतदारांच्या १,००० वैध सह्या लागतात. कागद साधा असतो: सही, नाव, पत्ता, तारीख, अशा ओळी, आणि तळाला सह्या गोळा करणाऱ्याचं प्रतिज्ञापन. पत्ता रस्त्यापलीकडच्या मतदारसंघातला निघाला की ओळ बाद. तळाची तारीख चुकली तर अख्खा कागद धोक्यात.

२०१४ मध्ये खुद्द कॉनियर्स असे बाद ठरले होते, कारण सह्या गोळा करणारे काही जण स्वतः नोंदणीकृत मतदार नव्हते. फेडरल न्यायाधीशांनी ती अटच घटनाबाह्य ठरण्यासारखी आहे असं म्हणून त्यांचं नाव परत घालायला लावलं. २०२४ मध्ये ठाणेदारांच्या बाजूने हरकत घेतली गेली, हॉलियर यांच्या ८६३ सह्याच वैध ठरल्या आणि ते बाहेर गेले. एका हस्ताक्षरातल्या अनेक सह्यांचा तो प्रश्न होता, त्यामुळे २०१४ चा आधार तिथे लागू झाला नाही. मग ठाणेदारांसमोर मुख्य उमेदवार उरल्या मेरी वॉटर्स. होय, प्रश्न १० मधल्याच, १६ वर्षांनी. ठाणेदार ५४ टक्क्यांच्या वर, वॉटर्स ३४ च्या आसपास.

१६. ठाणेदार पहिले भारतीय वंशाचे खासदार आहेत का?

नाही. तो मान दलीप सिंग सौंद यांचा, कॅलिफोर्नियातून, १९५७. त्यांच्यानंतर पंजाबी, तमिळ, मल्याळी, गुजराती मुळांचे सदस्य झाले. मराठी मातृभाषेचे पहिले मात्र ठाणेदारच. आणि या जागेवरचे दक्षिण आशियाई मुळांचे पहिले खासदारही ते नव्हेत: प्रश्न १० मधले हॅन्सन क्लार्क यांचे वडील अविभाजित भारतातल्या बंगालचे, आताच्या बांगलादेशातल्या सिल्हेट भागातले होते, आई कृष्णवर्णीय अमेरिकन. हॅमट्रॅमिकच्या कोनंट रस्त्यावरून चालत गेलात तर बंगाली पाट्या, मिठाईची आणि मासळीची दुकानं दिसतील.

१७. म्हणजे ते मराठी मतांवर निवडून आले का?

अजिबात नाही. मिशिगनमधली मराठी वस्ती मुख्यतः ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स अशा उपनगरांत आहे. ती १३ व्याच्या बाहेर.

१८. उमेदवार मतदारसंघातच राहणारा हवा का?

कायद्याने नाही, राज्यात राहणारा हवा एवढंच. पण डेट्रॉईटमध्ये ‘तू आमच्यात राहतोस का’ हा प्रश्न कायद्यापेक्षा जड पडतो. ठाणेदार आधी अ‍ॅन आर्बरला होते, नंतर डेट्रॉईटला राहायला आले, आणि प्रत्येक प्रायमरीत विरोधक हा मुद्दा काढत आले आहेत.

१९. कोर्टाने डेट्रॉईटचे नकाशे रद्द केले होते ना? मग १३ वा बदलला का?

डिसेंबर २०२३ मध्ये तीन फेडरल न्यायाधीशांनी डेट्रॉईट परिसरातले १३ मतदारसंघ रद्द केले, कारण रेषा ओढताना वंशाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं होतं. पण ते सगळे राज्य विधिमंडळाचे होते. ‘तेरा’ हा आकडा दोन्हीकडे आल्यामुळे गोंधळ होतो. काँग्रेसचा १३ वा मतदारसंघ त्या निकालात नव्हता.

२०. मी ग्रीन कार्डवर डेट्रॉईटमध्ये राहतो. मला मत देता येईल का?

नाही, नागरिकत्व मिळेपर्यंत नाही. उमेदवारीच्या कागदावर सहीसुद्धा करू नका. बाजारात कोणी पॅड पुढे करून ‘फक्त सही द्या’ म्हणालं तर नम्रपणे नकार द्या. तुमची सही तशीही बाद होईल. चुकून मतदार नोंदणी झाली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात फार मोठी अडचण येते. नागरिक झालात की मिशिगनमध्ये मतदानाच्या दिवशीसुद्धा शहराच्या क्लार्कच्या कार्यालयात जाऊन नोंदणी करता येते, पत्त्याचा पुरावा सोबत न्या. आणि तोवरही तुम्ही हिशोबात आहात: जनगणनेत तुमचं डोकं मोजलं जातं, आणि प्रश्न ४ मधल्या ७ लाख ७५ हजारांत तुम्हीही धरलेले असता. जनगणनेचा फॉर्म आला की तो मात्र न चुकता भरा.